ठिपक्यांच्या मधली जागा



या व्याख्यानमालेत आजवर संत झाले, शाहीर झाले, नाटककार झाले, सीमाभागाचा इतिहासही झाला. यंदा मंडळाने एका होमिओपॅथिक डॉक्टरला बोलावले आणि "विषय तुमच्या आवडीचा घ्या" अशी सवलत दिली. डॉक्टर मधुमेहावर नाही तर संधिवातावर बोलतील, असा कार्यवाहांचा कयास असावा. मी भूमितीवर बोलणार आहे. घाबरू नका, फळा मागवलेला नाही आणि एकही समीकरण सांगायचे नाही. शिवाय समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना हा विषय आधीच हाताने येतो.

दिवाळीत उंबऱ्यासमोर भोके पाडलेला कागद अंथरायचा, त्यावरून रांगोळी फिरवायची, कागद उचलायचा. खाली पंधरा ते आठ ठिपके शिस्तीत उमटलेले. आता या ठिपक्यांवर एक सून कमळ काढते, शेजारची कासव काढते, तिसरी पणत्यांची ओळ काढते. ठिपके तेच, जागा तीच, चित्रे तीन. म्हणजे चित्र ठिपक्यांत नव्हते. ते होते काढणारीच्या हातात, तिला कोणता ठिपका कशाला जोडायचा हे ठाऊक असण्यात.

आता उलटा विचार करा. कुणीतरी एक रेघ काढली, तिच्यावर जागोजागी ठिपके दिले आणि रेघ पुसून टाकली. तुमच्यासमोर फक्त ठिपके. मूळ रेघ परत काढा. हात नाही, आठवण नाही, काढणारीला विचारायची सोय नाही. आणि हे काम माणसाने करायचे नाही, संगणकाने करायचे. रेघेऐवजी एखाद्या वस्तूचा पृष्ठभाग असेल तर ठिपके कागदावर नसून हवेत तरंगणारे असतात, एवढाच फरक. गणिताच्या एका शाखेने गेली चाळीसेक वर्षे या एका प्रश्नावर घालवली आहेत. त्या शाखेला संगणकीय भूमिती म्हणतात.

हा प्रश्न निव्वळ गणित्यांच्या हौसेचा नाही. माझा पुतण्या उद्यमबागेत फौंड्रीच्या धंद्यात आहे. जुन्या पंपाचे केसिंग फुटते, बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली असते, ड्रॉइंग कुणाकडे नसते. पूर्वी पॅटर्न बनवणारा मिस्त्री तो तुकडा तासभर हाताळायचा, कॅलिपरने मापे घ्यायचा आणि सागवानात नवा पॅटर्न उभा करायचा. आता त्या तुकड्यावर पांढरी पूड फवारतात, म्हणजे लोखंडाची चकाकी जाते, आणि लेझर स्कॅनर फिरवतात. पडद्यावर ठिपक्यांचे धुके तयार होते. ते पाहून मी म्हणालो, "आकार आलाच की." तो म्हणाला, "काका, यात आकार नाही. ही आकड्यांची यादी आहे. प्रत्येक ठिपका कुठे आहे एवढे लिहिलेय. कोण कुणाचा शेजारी, हे कुठेच लिहिलेले नाही."

शेजारी कोण, हाच सगळा प्रश्न.

पहिले उत्तर आपल्या सर्वांना सुचते ते: प्रत्येक ठिपका सर्वांत जवळच्या ठिपक्याला जोडा. लहानपणी पाटीवर पंजा ठेवून भोवताली पेन्सिल फिरवायचो, तो आकार डोळ्यांपुढे आणा. दोन बोटांमधली फट चार मिलिमीटरची आहे आणि तुम्ही ठिपके दिलेत एकेक सेंटिमीटरवर. मग तर्जनीच्या कडेवरच्या ठिपक्याला सर्वांत जवळचा ठिपका तर्जनीवरचा नव्हे, समोरच्या मधल्या बोटावरचा सापडेल. संगणक दोन्ही बोटे जोडून मोकळा होईल. जन्मतः बोटे जुळलेली मुले आम्ही डॉक्टर मंडळी पाहतो. इथे धडधाकट पंजाला तो दोष हिशेबाने लागला.

दुसरे उत्तर जास्त हुशार होते. १९८३ साली एडेल्सब्रुनर, कर्कपॅट्रिक आणि सायडेल यांनी ते मांडले. ते समजावताना आइस्क्रीम आणि त्यातले चॉकलेटचे कडक तुकडे असा दाखला देतात. आपण श्रीखंड आणि चारोळ्या घेऊ. ठिपके म्हणजे चारोळ्या, भोवतीची सारी जागा म्हणजे श्रीखंड. हातात गोल वाटीसारखा चमचा आहे. एकाही चारोळीला धक्का न लावता जेवढे श्रीखंड काढता येईल तेवढे काढा. जे उरेल त्याचा आकार म्हणजे वस्तूचा आकार. कल्पना सुरेख आहे आणि प्रथिनांच्या रेणूंचे खळगे मोजायला ती आजही वापरतात. पण चमचा केवढा घ्यायचा? मोठा घेतला तर तो बोटांच्या फटीत शिरत नाही, पंजाचा मुटका होतो. लहान घेतला तर तळहाताच्या विरळ ठिपक्यांमधून आरपार निघून जातो आणि सगळा आकारच विस्कटतो. एकाच पंजाला एक चमचा पुरत नाही. ही अडचण लक्षात ठेवा, पुढचे सगळे तिच्यातून निघाले आहे.

त्यासाठी आधी विहिरींकडे जाऊ. शिवारात दहा विहिरी आहेत. प्रत्येक घरातली माणसे सर्वांत जवळच्या विहिरीवर जातात असे धरले, तर शिवाराचे दहा तुकडे पडतात, विहिरीगणिक एक मुलूख. दोन मुलखांची हद्द म्हणजे जिथून दोन्ही विहिरी सारख्याच लांब. या विभागणीला आज व्होरोनॉय याचे नाव आहे. तो मूळचा युक्रेनचा, वॉर्सात प्राध्यापक होता आणि १९०८ साली अवघ्या चाळिशीत वारला. पण त्याच्या जन्माआधीच एका डॉक्टरने अशी हद्द नकाशावर काढली होती, हे मला माझ्या व्यवसायामुळे मुद्दाम सांगावेसे वाटते. लंडनचा जॉन स्नो. १८५४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सोहो भागात पटकीने सहाशेवर माणसे मेली. स्नोने मृत्यू नकाशावर मांडले, आणि नंतरच्या आवृत्तीत ब्रॉड स्ट्रीटचा पंप व इतर पंप यांपासून सारख्या अंतरावर पडणारी रेषा त्यावर आखली. अंतर त्याने पक्ष्याच्या उड्डाणाने नाही मोजले, गल्लीबोळांतून पायी चालण्याचे मोजले. बहुतेक मृत्यू त्या पंपाच्या मुलखात पडले होते. आज ज्याला संगणकीय भूमिती म्हणतात, तिचे हे पहिल्या काही वापरांपैकी एक, आणि तेही एका वैद्याच्या हातून. इथे थोडा अभिमान मी मिरवून घेतो.

ज्या दोन विहिरींच्या मुलखांना समाईक हद्द आहे, त्या दोन विहिरी आपापसांत दोरीने जोडल्या, तर सगळ्या शिवारावर त्रिकोणांचे जाळे पडते. १९३४ साली रशियन गणिती बोरिस देलोने याने या जाळ्यावर निबंध लिहिला आणि तो व्होरोनॉयच्या स्मृतीला अर्पण केला. देलोने हा पट्टीचा गिर्यारोहकही होता. त्याच्या निबंधाचे नाव 'रिकामा गोल' अशा अर्थाचे आहे, कारण या जाळ्यातल्या कुठल्याही त्रिकोणाच्या तीन टोकांतून वर्तुळ काढले तर आत दुसरी एकही विहीर सापडत नाही. शेजाराची याहून निर्मळ व्याख्या मला माहीत नाही. कुणी किती लांब असला तरी चालेल, मध्ये तिसरा घुसलेला नसला की झाले.

आता गंमत अशी आहे की ठिपके पुरेसे दाट असतील तर पुसलेली मूळ रेघ या जाळ्यात हमखास असते. मात्र तिच्याबरोबर पुष्कळ फालतू रेघाही असतात, बोटांच्या फटीवरून पलीकडे उडी मारणाऱ्या. त्या ओळखून काढायच्या कशा?

१९९८ साली नीना अमेंटा, मार्शल बर्न आणि डेव्हिड एपस्टाइन यांनी याचे एक देखणे उत्तर दिले. ते समजण्यासाठी शेताला आग लावावी लागेल. चिकोडी-अथणीकडच्या लोकांना हे सांगायला नको. ऊस तुटून गेला, पाचट पसरलेले आहे, वारा अजिबात नाही. शेताच्या चारी कडांना एकाच क्षणी काडी लावली. आग सगळीकडून सारख्या वेगाने आत सरकते. दोन बाजूंच्या आगी जिथे एकमेकींना भिडून विझतात, त्या जागांची मिळून एक रेषा तयार होते. तो त्या शेताचा कणा. हॅरी ब्लम याने १९६० च्या दशकात हीच गवताच्या आगीची उपमा वापरून आकाराचा कणा सांगितला, आणि त्याचे सारे लक्ष सजीवांच्या आकारांकडे होते. मी याला मध्यरेषा म्हणतो. पंजाच्या आत ही रेषा प्रत्येक बोटातून हाडासारखी जाते. आग बाहेरच्या बाजूनेही लावता येते; मग दोन बोटांच्या फटीतही एक मध्यरेषा सापडते.

अमेंटा आणि मंडळींनी केले ते असे. ठिपक्यांचे मुलूख पाडले. जिथे तीन हद्दी मिळतात ते तिठे घेतले. रेघेवरचे ठिपके दाट असले की हे तिठे आपोआप मध्यरेषेच्या आसपास पडतात. मग मूळ ठिपके आणि हे तिठे असे दोन्ही एकत्र करून पुन्हा देलोनेचे जाळे टाकले. आता फटीवरून उडी मारू पाहणाऱ्या रेघेच्या मध्ये तिठा पंच म्हणून उभा असतो, तिचे वर्तुळ रिकामे राहत नाही, आणि ती रेघ जाळ्यातच येत नाही. नव्या जाळ्यात ज्या रेघांची दोन्ही टोके मूळ ठिपके आहेत तेवढ्या ठेवायच्या. तीच मूळ रेघ. चमच्याचे माप विचारावेच लागले नाही.

पृष्ठभागासाठी मात्र हे जसेच्या तसे चालत नाही. हवेतले चार ठिपके जवळजवळ एका वर्तुळावर असले तर त्यांचा तिठा कुठेही भरकटतो, अगदी पृष्ठभागालाही येऊन चिकटतो, आणि चांगल्या शेजाऱ्यांत विनाकारण तंटा लावतो. म्हणून अमेंटा आणि बर्न यांनी प्रत्येक ठिपक्याच्या मुलखातले फक्त सर्वांत दूरचे दोन तिठे घेतले, एक आतल्या अंगाचा आणि एक बाहेरच्या. त्यांना ते ध्रुव म्हणतात. ठिपका आणि त्याचा ध्रुव जोडणारी रेषा पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात असते, म्हणजे त्या जागी पृष्ठभाग कुणीकडे तोंड करून आहे हेही फुकटात कळते. पुढे याच रेषेच्या आधाराने अधिक सोपी रीत निघाली. ती काढणाऱ्यांत तमल डे होते, जादवपूर आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून अमेरिकेत गेलेले. या विषयावरचे प्रमुख पाठ्यपुस्तक त्यांचेच आहे.

इतका वेळ मी "ठिपके पुरेसे दाट असतील तर" असे म्हणत आलो. पुरेसे म्हणजे किती? इथे हा विषय मला खरा भावला. या मंडळींनी असे म्हटले नाही की सेंटिमीटरला अमुक ठिपके हवेत. त्यांचा नियम असा: रेघेवर कुठेही बोट ठेवा. तिथून मध्यरेषा किती लांब आहे ते पाहा, आतली किंवा बाहेरची, जी जवळ असेल ती. त्या अंतराच्या ठरावीक हिश्शाच्या आत एक तरी ठिपका सापडला पाहिजे. १९९८ च्या रीतीत हा हिस्सा सुमारे पाव आहे. डे आणि पीयूष कुमार यांच्या १९९९ च्या रीतीत एक-तृतीयांश. पृष्ठभागाच्या पहिल्या सिद्धान्तात तो फारच कडक होता, ०.०६, म्हणजे शंभरातले सहा.

पंजाला लावून पाहू. तळहात आठ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या कडेपासून मध्यरेषा साधारण चाळीस मिलिमीटरवर. एक-तृतीयांशाचा नियम लावला तर तेरा मिलिमीटरच्या आत एक ठिपका पुरे. बोटांमधली फट चार मिलिमीटरची, म्हणजे मध्यरेषा दोनच मिलिमीटरवर. तिथे पाऊण मिलिमीटरच्याही आत ठिपका हवा. एकाच पंजावर वीसपट फरक. सपाट, ढोबळ, मोकळ्या जागी थोडक्यात भागते. जिथे वळण तीव्र आहे, जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांच्या अगदी जवळ येऊन वेगळे राहिले आहेत, तिथे दाट लागतात. आणि जिथे धारदार कोपरा आहे तिथे मध्यरेषा कोपऱ्यालाच येऊन टेकते, अंतर शून्य होते, आणि हा सिद्धान्त हात वर करतो. कितीही ठिपके द्या, हमी नाही. कोपऱ्यांसाठी वेगळ्या युक्त्या लागतात, त्या आज सोडून देऊ.

या नियमात एक पेच आहे. तो तुमच्या लक्षात आला असेलच. ठिपके पुरेसे आहेत की नाहीत हे तपासायचे तर मध्यरेषा माहीत हवी. मध्यरेषा माहीत व्हायची तर मूळ आकार हवा. आणि मूळ आकार हाती नाही म्हणून तर हा सारा खटाटोप. सिद्धान्त म्हणतो, अट पाळली असेल तर उत्तर बरोबर येईल. अट पाळली होती की नाही, हे ठिपके स्वतः सांगत नाहीत. अपुऱ्या ठिपक्यांवरूनही संगणक एक सुबक, गुळगुळीत, पटण्यासारखा आकार काढून देतो, त्याच आत्मविश्वासाने. म्हणून ठिपके गोळा करणाऱ्याला वस्तूची आधीच थोडी ओळख असावी लागते. ही जबाबदारी गणित उचलत नाही.

आमच्याकडे प्रवचनात अनेकान्त समजावताना हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट हटकून येते. प्रत्येकाचे थोडे खरे, हा तिचा नेहमीचा अर्थ. मला त्यात आता भूमितीचीही एक गोष्ट दिसते. पाय चाचपणाऱ्याने पायाला दहा हजार वेळा हात लावला असता तरी सोंडेबद्दल त्याला काडीचीही माहिती वाढून मिळाली नसती. उलट खांबाबद्दलची खात्री तेवढी वाढली असती. दवाखान्यातही असेच चालते. रोग्याला पोटाबद्दल सांगायला आवडते; तो पंधरा मिनिटे पोटाचे ठिपके देतो, कधी, कुठे, काय खाल्ल्यावर, उजवीकडे की डावीकडे. झोपेबद्दल विचारले तर "झोप ठीक आहे" एवढा एकच ठिपका. घरात काय चालले आहे याबद्दल एकही नाही. आम्हा होमिओपॅथांच्या नोंदवह्या इतरांपेक्षा जाड असतात असे लोक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण वही जाड असणे आणि ठिपके हवे तिथे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणत्याही पॅथीच्या डॉक्टरला हे सारखेच लागू पडते.

आता एक खरे प्रकरण सांगतो, ज्यात हा नियम उघडा पडला. अफगाणिस्तानात बामियानच्या डोंगरकड्यात कोरलेल्या दोन बुद्धमूर्ती २००१ च्या मार्चमध्ये तालिबानने सुरुंग लावून उडवल्या. मोठी मूर्ती ५३ मीटर उंच होती. त्यानंतर झुरिकच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या आर्मिन ग्रून, फाबिओ रेमोंदिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संगणकात पुन्हा उभी करायचे ठरवले. मूर्ती तर गेलेली; ठिपके आणायचे कुठून? फोटोंतून. एकच बिंदू दोन-तीन फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसला की तो हवेत नेमका कुठे होता हे काढता येते. त्यांच्याकडे तीन प्रकारचे फोटो होते: इंटरनेटवर सापडलेले, पर्यटकांनी काढलेले, आणि ऑस्ट्रियाचे प्राध्यापक कोस्टका यांनी १९७० साली मोजणीच्या खास कॅमेऱ्याने काढलेले तीन. शेवटचे तीन अर्थातच सर्वांत विश्वासाचे.

संगणकाने त्या तीन फोटोंतून आपणहून बिंदू जुळवले आणि ठिपक्यांचे दाट जाळे दिले. मूर्ती उभी राहिली. उंची बरोबर, खांदे बरोबर, कोनाडा बरोबर. फक्त बुद्धाच्या अंगावरच्या चीवराच्या चुण्या गेल्या होत्या. त्या चुण्या दगडात कोरलेल्या नव्हत्या. लाकडी खुंट्या आणि दोर यांच्या आधाराने वर मातीचा गिलावा चढवून त्या केल्या होत्या. ५३ मीटरच्या मूर्तीवर त्यांची जाडी काही सेंटिमीटरची. स्वयंचलित रीतीने त्यांवरून इस्त्री फिरवली. म्हणून त्या मंडळींनी माणूस बसवला. तो पडद्यावर फोटो पाहत आडव्या ओळींनी, वीस-वीस सेंटिमीटरच्या अंतराने, हाताने बिंदू टिपत गेला आणि चुणीची कड दिसली की ती कड म्हणून वेगळी नोंदवत गेला. या हाती टिपलेल्या मापांतून चुण्या परत आल्या, कारण टिपणाऱ्या माणसाला चीवराला चुण्या असतात हे माहीत होते. पुढे या मापांवरून दोनशेपट लहान प्रतिकृतीही करण्यात आली.

आपल्यासारख्यांना या प्रकरणात एक कोडे पडावे. मूर्तीचा आकार म्हणजे तिचा डोंगराएवढा देह की चुण्या? भूमितीच्या हिशेबात चुण्या नगण्य होत्या. पण गांधार शैलीचा जो काही ग्रीकांशी संबंध अभ्यासक सांगतात तो बऱ्याच अंशी त्या वस्त्राच्या चुण्यांवरूनच सांगतात. देह ठेवून चुण्या घालवल्या तर उरतो तो कुठलाही बुद्ध.

ठिपके पुरेसे दाट करायला पैसा आणि धीर असला की काय होते ते फ्लॉरेन्समध्ये दिसले. स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय यांच्या गटाने १९९८-९९ च्या सुमारास मायकेलअँजेलोच्या मूर्ती स्कॅन केल्या. डेव्हिडच्या मूर्तीसाठी ४८० वेळा स्कॅनर नव्याने रोखावा लागला, ठिपक्यांतले अंतर पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि तयार झालेल्या जाळ्यात सुमारे दोन अब्ज त्रिकोण. छिन्नीचे ओरखडे टिपता यावेत म्हणून एवढा बारकावा. या कामात एक गमतीची गोष्ट निघाली. कलेतिहासाच्या पुस्तकांत मूर्तीची उंची ४.३४ मीटर छापत आले होते. त्या भरवशावर स्कॅनरचा मनोरा बांधून नेला तर मूर्ती निघाली ५.१७ मीटर. पाच शतके जगाने पाहिलेली मूर्ती, आणि तिच्या उंचीत पाऊण मीटरहून अधिक फरक! मनोरा वाढवावा लागला.

पण एवढे करूनही जिथे लेझरचा किरण पोचत नाही अशा खाचा राहतातच. केसांच्या बटांमागे, बोटांच्या आत. तिथे ठिपके नाहीतच, म्हणून पृष्ठभागाला भोके पडतात. भोके बुजवण्यासाठी लेव्हॉय यांच्याच गटाने पुढे वेगळी रीत काढली: भोकाच्या काठावरचा पृष्ठभाग आत पसरू द्यायचा, तव्यावर घावनाचे पीठ पसरते तसा, जोवर सगळे काठ एकमेकांना मिळत नाहीत तोवर. दिसायला फार चांगले दिसते. पण ती जागा मायकेलअँजेलोची नव्हे.

याच विद्यापीठातला मातीचा ससा तर या क्षेत्रात कुलदैवतासारखा आहे. बागेत ठेवण्याच्या शोभेच्या सशाचे १९९४ साली ग्रेग टर्क आणि लेव्हॉय यांनी स्कॅन केले, आणि ६९,४५१ त्रिकोणांचा तो ससा आज जगभर नवी रीत तपासायला वापरतात. त्याच्या बुडाला भोके आहेत. काही भोके मूळ सशालाच होती, कारण तो आतून पोकळ होता. काही भोके स्कॅनर पोचला नाही म्हणून पडली. संगणकाच्या लेखी दोन्ही सारखीच. सगळी भोके बुजवणारा कार्यक्रम खरी भोकेही बुजवतो. "इथे काही नव्हते" आणि "इथले मला दिसले नाही" या दोन वाक्यांतला फरक त्रिकोणांच्या यादीत लिहिता येत नाही. तो वेगळा लिहून ठेवावा लागतो, आणि लिहून ठेवायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

माझ्या मते या विषयातला जोखमीचा भाग हाच आहे. कवटीचे हाड शस्त्रक्रियेत काढावे लागले तर त्या जागी बसवायची पट्टी आता सीटी स्कॅनवरून बनवता येते. गेलेली बाजू उरलेल्या बाजूच्या आरशातल्या प्रतिमेवरून पुरी करतात. तिथे अंदाज करायला आधार आहे, कारण कवटीच्या दोन बाजू बऱ्याच सारख्या असतात. आणि पट्टी बसली की नाही हे शल्यविशारदाला टेबलावरच कळते. उद्ध्वस्त मूर्तीच्या, मोडलेल्या देवळाच्या बाबतीत असे टेबल नाही. तिथे संगणकाने भरलेला भाग पुढच्या पिढीला मूळ म्हणूनच दिसणार.

चित्रांची डागडुजी करणाऱ्यांनी हा प्रश्न संगणकाच्या आधीच सोडवला होता. रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या जीर्णोद्धार संस्थेत चेझारे ब्रांदी यांनी रीत घालून दिली: भित्तिचित्राचा उडालेला भाग रंगवायचाच असेल तर बारीक उभ्या रेघांनी रंगवा. दोन पावले मागे उभे राहिले की चित्र पूर्ण दिसते. जवळ गेले की रेघा दिसतात आणि कळते, एवढे आमचे.

आणि यासाठी रोमलाही जायला नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पाहत होते. तेही ठिपक्यांवरून रेघ काढण्याचेच काम. मूळ संहिता नाही. आहेत त्या काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या पोथ्या. काही श्लोकांना पोथ्यांचा दाट आधार, काहींना विरळ, आणि कुठे दोन परंपरा इतक्या जवळून जातात की कोणता शब्द कुणाचा हे सांगणे कठीण. सुखटणकरांनी पाठ निवडला, जागा रिकामी सोडली नाही. पण जिथे निवड खात्रीची नाही, तिथे त्या अक्षरांखाली एक नागमोडी रेघ छापली. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वापासून ती रेघ आहे. आपल्या ग्रंथालयात तो खंड असेल तर जाण्यापूर्वी उघडून पाहा. कुठलेही पान काढा, आणि श्लोक वाचण्याआधी नुसत्या त्या रेघा पाहत खाली या.